बाळंतीण सुखरूप आहे ना?

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली म्हणजे तिच्या सासरी एका पोस्टकार्डाची वाट पाहिली जात असे. त्या कार्डावरचा मजकूर बहुधा ठरलेला असे. अमुक वारी, अमुक वेळी मुलगा किंवा मुलगी झाली; बाळ-बाळंतीण सुखरूप. आज कार्डाची जागा दूरध्वनीने घेतली आहे, पण हे शब्द मात्र जसेच्या तसे टिकून आहेत. ते कानी पडले की मंडळी पेढ्यांच्या व्यवस्थेला लागतात. बाळाचे वजन किती, रंग कोणाचा, नाक कोणाच्या वळणावर गेले आहे, याविषयी पुढे पुष्कळ प्रश्न विचारले जातात. बाळंतिणीविषयी मात्र त्या एका 'सुखरूप' शब्दावर सर्वांचे समाधान होते.

असे समाधान मानावयाला एके काळी सबळ कारण होते. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आज्या म्हणत, त्यात अतिशयोक्ती नव्हती. आई वाचली, मूल वाचले, एवढेच पुष्कळ होते. आज ती स्थिती पालटली आहे. आपल्या देशात एक लाख जिवंत जन्मांमागे मरण पावणाऱ्या मातांची संख्या २००१ ते २००३ या काळात ३०१ होती. ती २०१८ ते २०२० या काळात ९७ वर आली. ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु माणसे वाचू लागली म्हणजे ती कशी जगतात हा प्रश्न ओघानेच पुढे येतो. 'सुखरूप' या शब्दात 'सुख' हाही एक शब्द आहे, याची आठवण करून देण्याची वेळ आता आली आहे.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो विषय, गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना जडणारे नैराश्य आणि त्याविषयी आपले कायदे व आपली सरकारी धोरणे काय करतात, हा आहे. मी वैद्य नाही. सरकारी नोकरीत फायली आणि चौकश्या यांच्या सहवासात माझी वीस-एक वर्षे गेली आहेत. म्हणून रोगाविषयी जेवढे सांगणे अवश्य आहे तेवढेच सांगून मी माझ्या क्षेत्रात येईन.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ स्त्रियांना कारणावाचून रडू येते, लहानशा गोष्टीने मन भरून येते. ही अवस्था आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप निघून जाते. तिला आजार म्हणण्याचे कारण नाही. याच्या दुसऱ्या टोकाला एक अत्यंत गंभीर विकार आहे. त्यात बाळंतिणीला भास होतात, तिचे बोलणे असंबद्ध होते आणि तिला तातडीने इस्पितळात न्यावे लागते. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीलाच तो होतो. या दोहोंच्या मध्ये जे आहे ते नैराश्य. ते गरोदरपणातही सुरू होते आणि बाळंतपणानंतरही. झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, मुलाकडे पाहून काही वाटत नाही आणि 'काही वाटत नाही' याचीच मनाला टोचणी लागते. ते आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने राहते. आपल्या देशातील ३८ अभ्यासांतील वीस हजारांहून अधिक मातांची माहिती एकत्र करून २०१७ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे शंभरांतील सुमारे बावीस मातांना बाळंतपणानंतर असे नैराश्य येते. म्हणजे पाच पाळण्यांमागे एक आई. ज्या रोगाला इतकी माणसे बळी पडतात त्याला आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेले नावदेखील नाही. दृष्ट लागली, बाहेरचे झाले, माहेरच्यांनी लाडावून ठेवली, अशी अनेक नावे आहेत. पण ती रोगाची नव्हेत, आपल्या अज्ञानाची आहेत.

या अज्ञानातून मी स्वतःला वगळीत नाही. प्रांत अधिकारी म्हणून मी एका उपविभागात नवा असताना माझ्याकडे एक चौकशी आली. एका तरुण विवाहितेने आपले जीवन संपविले होते. लग्नाला सात वर्षे पुरी होण्यापूर्वी विवाहितेने आत्महत्या केली, तर तिच्या मृत्यूची दंडाधिकाऱ्याने चौकशी करावी, असा दंडक १९८३ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आला. हुंडाबळींना आळा घालण्यासाठी तो आला आणि तो योग्यच होता. त्याप्रमाणे मी जबाब घेतले. हुंड्याविषयी विचारले, मारहाणीविषयी विचारले, दागिन्यांविषयी विचारले. सासरची माणसे साधी होती. माहेरच्यांचीही त्यांच्याविषयी तक्रार नव्हती. मुलीची आई एवढेच म्हणाली, "साहेब, ती बाळाला घ्यायचीच नाही. मला काही वाटत नाही गं आई, असं म्हणायची. आम्ही म्हटलं, नवी बाळंतीण आहे, होईल सवय." बाळ अडतीस दिवसांचे होते. घरी भेट देणाऱ्या आरोग्यसेविकेचे कार्ड पुराव्यात होते. बाळाचे वजन दर भेटीला नीट नोंदलेले होते आणि ते नीट वाढत होते. आईला ताप आहे काय, रक्तस्राव आहे काय, या प्रश्नांपुढे 'नाही' असे लिहिलेले होते. त्या सेविकेने आपले काम चोख केले होते. मीही माझे काम चोख केले. हुंडा, छळ यांचा पुरावा नाही; आजारपणास कंटाळून; प्रकरण निकाली. हा आजार कोणता, असा प्रश्न मी त्या आईला विचारला नाही. माझ्या छापील नमुन्यात तो प्रश्न नव्हता आणि नमुन्याबाहेर पाहण्याची मला सवय नव्हती.

ते प्रकरण निकाली निघाले खरे, पण माझ्या मनातून गेले नाही. त्याचा अर्थ मात्र मला काही वर्षांनी, आणि तोही घरापासून फार दूर, उमगला. इतिहास हा माझा एम.ए.चा विषय. तंजावरच्या मराठी राज्याविषयी विद्यार्थिदशेपासून कुतूहल होते. रजा काढून एकदा तिकडे गेलो. बृहदीश्वराचे देवालय पाहिले, सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले, आणि एके दिवशी सकाळी पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या मोटारीने तंजावरच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या ओरत्तनाडु या गावी उतरलो. कावेरीचे पाणी कल्लणैच्या कालव्याने येथपर्यंत येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे होती आणि त्यांत गुडघाभर चिखलात वाकून बायका लावणी करीत होत्या.

ओरत्तनाडुचे दुसरे नाव मुक्तांबाळपुरम्. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आयुष्यात मुक्तांबाळ नावाची एक स्त्री होती. ती त्यांची विवाहित राणी नव्हती. पण तिच्यावर त्यांचा फार जीव होता. ती अकाली गेली. आपल्या नावाने एक छत्र घालावे, अशी तिची शेवटची इच्छा होती असे सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी राजांनी येथे तिच्या नावाचे छत्र बांधले. छत्र म्हणजे नुसती धर्मशाळा नव्हे. रामेश्वराच्या यात्रेला जाणाऱ्या वाटेवर तंजावरच्या भोसले राजांनी अशी अनेक छत्रे उभारली होती. वाटसरूला तेथे अन्न मिळे, निवारा मिळे, औषध मिळे; मुलांसाठी पाठशाळा असे. मुक्तांबाळ छत्र हे त्यांतले एक मोठे छत्र.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि राजांकडे किल्ला व तनखा एवढेच उरले. छत्रांच्या उत्पन्नाची गावेही आता जातात की काय, अशी धास्ती निर्माण झाली. त्या वेळी, १८०१ साली, सरफोजीराजांनी तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटाला एक पत्र लिहिले. छत्रांत काय काय चालते याचे त्यात बारकाईने वर्णन आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्वांना अन्न मिळते. रात्री उशिरा घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असा पुकारा होतो. आजारी वाटसरूला बरे वाटेपर्यंत ठेवून घेतात. आईबापांविना उरलेल्या परक्या मुलांना सांभाळतात. आणि या यादीत एक कलम गर्भवती स्त्रियांचे आहे. त्याचा आशय असा : गर्भवती स्त्रियांना हळुवारपणे वागविले जाते, छत्रात असताना त्या बाळंत झाल्या तर खर्च छत्र सोसते, योग्य ती औषधे देते आणि बाळंतपणानंतर तीन महिने त्यांना छत्रात राहू देते.

श्रोतेहो, हे कलम मी विद्यार्थी असताना वाचले होते आणि धर्मादायाचा एक नमुना म्हणून मनात नोंदवून ठेवले होते. ओरत्तनाडुला त्या जुन्या वास्तूच्या ओट्यावर बसलो असताना ते पुन्हा आठवले, आणि त्यातील 'तीन महिने' या दोन शब्दांपाशी मी अडखळलो. छत्र हे यात्रेकरूचे. यात्रेकरूने एक-दोन रात्री राहावे आणि पुढे जावे, हा त्याचा हेतू. ताप आलेला माणूस ताप उतरला की जातो. मग बाळंतिणीलाच मुदत बांधून तीन महिने का? टाके सुकायला, अंगात ताकद यायला सव्वा महिना पुरतो, असा आपला घरोघरचा हिशेब आहे. छत्राच्या कारभाऱ्यांनी त्याच्या दुपटीहून अधिक काळ दिला. नैराश्य या शब्दाचा आजचा अर्थ त्यांना ठाऊक होता, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण परक्या मुलखात, आपले माणूस जवळ नसताना बाळंत झालेली बाई अंगाने उठली तरी मनाने उठलेली नसते, एवढे त्यांनी पाहिलेले असावे. अनुभवाने आलेले हे शहाणपण होते, आणि राजांनी त्याचे कलम केले होते. मला एकदम त्या अडतीस दिवसांच्या बाळाची आठवण झाली. तिला कोणी आणखी पन्नास दिवस डोळ्यांत तेल घालून जपले असते तर, हा विचार त्या ओट्यावर माझ्या मनात आला तो आजतागायत गेलेला नाही.

आपली परंपराही याविषयी अगदीच अनभिज्ञ होती असे नाही. गर्भवतीला सुश्रुताने 'दौहृदिनी' म्हटले आहे. दौहृदिनी म्हणजे दोन हृदयांची. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय जागे होते, म्हणून तिच्या इच्छा अपुऱ्या ठेवू नयेत, असे तो सांगतो. आपला 'डोहाळे' हा शब्द त्याच घराण्यातला. गर्भवतीला आपण आवर्जून विचारतो, तुला काय खावेसे वाटते? चंद्रावर की नावेत, कशात बसून डोहाळजेवण करावयाचे? तिच्या मनाला इतका मान दुसऱ्या कोणत्याही काळी मिळत नाही. पण मूल जन्मले की ते दुसरे हृदय पाळण्यात जाते आणि त्याच्याबरोबर सगळे प्रश्नही पाळण्याकडे जातात. बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेक मिळतो, धुरी मिळते. तुला काय वाटते, हे मात्र विचारावयाचे राहते.

आता कायद्याकडे वळू. बाळंत स्त्रीला सवड मिळाली पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्यात सहजासहजी आलेले नाही. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२४ साली त्यासाठी विधेयक आणले. ते संमत झाले नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ च्या जुलै महिन्यात तशाच विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. राज्यघटनेच्या ४२व्या अनुच्छेदाने प्रसूतिसाहाय्याची तरतूद करण्याचा आदेश राज्याला दिला. १९६१ साली सर्व देशासाठी प्रसूतिलाभाचा कायदा आला. त्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती झाली. या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

या कायद्यात १९६१ पासून एक लहानसे कलम आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गरोदरपण किंवा प्रसूती यांतून आजार उद्भवला तर ठरलेल्या रजेखेरीज आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळावी, असे ते कलम आहे. 'आजार' एवढाच शब्द तेथे आहे. तो शरीराचाच असला पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही. प्रसूतीतून उद्भवलेले नैराश्य हा आजार नव्हे काय? कायद्याचे दार येथे उघडे आहे. पण ते उघडे आहे हे बाईला ठाऊक नसते, मालकाला ठाऊक नसते आणि पुष्कळदा प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसते. नवा कायदा करणे अवघड असते. असलेला कायदा पुरा वाचणे त्याहून अवघड असते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

परंतु ओरत्तनाडुच्या खाचरात लावणी करणाऱ्या बाईला सव्वीस आठवड्यांचे काय? तिला नेमणुकीचा हुकूम नाही, हजेरीपट नाही, म्हणून रजाही नाही. तिच्यासाठी कायद्याने रजेऐवजी रोख मदतीचा मार्ग धरला आहे. याबाबतीत तमिळनाडूने फार लवकर पाऊल टाकले. ओरत्तनाडुच्या शेजारच्याच पुदुकोट्टै येथे १८८६ साली जन्मलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या देशातील पहिल्या महिला आमदारांच्या नावाने तेथे १९८७ साली प्रसूतिसाहाय्य योजना सुरू झाली. तेव्हा ती तीनशे रुपयांची होती. २०१८ साली ती अठरा हजारांची झाली, त्यांत काही भाग पौष्टिक अन्नाच्या रूपाने असतो. केंद्र सरकारची मातृवंदना योजना २०१७ पासून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये देते. सरकारी इस्पितळात २०११ पासून बाळंतपण आणि औषधे मोफत आहेत. नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस जेवणही मोफत आहे. तमिळनाडूत आज जवळजवळ प्रत्येक बाळंतपण इस्पितळातच होते. हे सर्व मोलाचे आहे. पण छत्राचे तीन महिने आणि आपले तीन दिवस हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे मनाला थोडेसे लागते.

मनाच्या आजाराचा स्वतंत्र विचार करणारा कायदा म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. त्याने प्रत्येक नागरिकाला मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला. त्याच्या २१व्या कलमात आईविषयी एक सुंदर तरतूद आहे. मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये. मुलाला धोका असेल तरच तात्पुरते दूर ठेवावे, त्या काळातही देखरेखीखाली आईला ते भेटू द्यावे, दर पंधरा दिवसांनी या निर्णयाचा फेरविचार करावा आणि तीस दिवसांपलीकडे वेगळे ठेवावयाचे तर वरिष्ठ प्राधिकरणाची संमती घ्यावी. या तरतुदीप्रमाणे वागावयाचे तर आई आणि मूल एकत्र राहू शकतील असे कक्ष हवेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तसा कक्ष २००९ पासून आहे. प्रत्येक जिल्ह्यात तो आहे असे मात्र कोणालाही म्हणता येणार नाही.

तरीही कायद्याची सर्वांत मोठी उणीव मला याहून वेगळी वाटते. ती मोजणीची आहे. मातामृत्यू म्हणजे गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांच्या आत, त्या अवस्थेशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू. अपघाती किंवा आनुषंगिक कारणे त्यांतून वगळावयाची. आत्महत्या दीर्घ काळ या वगळलेल्या कारणांत पडत राहिली. इंग्लंडमध्ये १९९७ ते १९९९ या काळातील मातामृत्यूंची बारकाईने छाननी झाली, तेव्हा प्रसूतीनंतरचे पुरे वर्ष हिशेबात घेतल्यावर आत्महत्या हे मातामृत्यूचे अग्रभागी असलेले कारण निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली आपल्या वर्गीकरणात गरोदरपणातील व प्रसूतीनंतरच्या आत्महत्या प्रत्यक्ष मातामृत्यूंत धराव्या असे सांगितले. मी जी चौकशी निकाली काढली ती अडतिसाव्या दिवसाची होती. म्हणजे बेचाळीस दिवसांच्या आतली. तो मातामृत्यू होता. पण तो पोलिसांच्या फायलीत गेला आणि माझ्या फायलीत गेला. आरोग्यखात्याच्या फायलीत तो कधीच गेला नाही. दोन्ही कचेऱ्या एकाच आवारात होत्या. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम पडत नाही, हा कारभाराचा निष्ठुर नियम आहे. अशा प्रत्येक चौकशीची एक प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी, यासाठी नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक पुरते.

उपाय काय, असे कोणी विचारील. प्रत्येक गावी मानसोपचारतज्ज्ञ ठेवणे शक्य नाही, हे मान्य आहे. पण त्याची गरजही तितकी नाही, असे गोव्यातील अनुभव सांगतो. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील मातांचा जो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला, त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरांतील तेवीस माता नैराश्यग्रस्त आढळल्या. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जणींच्या मनाची अवस्था गरोदरपणातच बिघडलेली होती. म्हणजे रोग आधीच दार ठोठावीत होता. कोणी ऐकले नव्हते. गरिबी आणि नवऱ्याशी असलेले वाईट संबंध ही त्याची मोठी कारणे होती. मुलगी झाल्याचे दुःख हेही एक कारण होते. पुढे गोव्यातच २८० गर्भवती स्त्रियांवर एक प्रयोग झाला. शेजारपाजारच्याच, स्वतः आई असलेल्या बायकांना थोडे शिक्षण देऊन नैराश्यग्रस्त स्त्रियांना भेटावयास पाठविले गेले. चमत्कार झाला नाही. पण सहा महिन्यांनी पाहता, ज्यांच्याकडे अशी सखी येत होती त्यांच्यातील अधिक जणी बऱ्या झाल्या होत्या. बाळंतिणीशेजारी बसून तिचे ऐकून घेणे हाही उपचार आहे, आणि तो शिकता येतो.

घरी जाणारी माणसे तर आपल्याकडे आहेतच. इस्पितळात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जावयाचे असते. तमिळनाडूत ग्राम आरोग्य परिचारिका आहेत. ताजवा आहे, तापमापक आहे, कार्ड आहे. त्या कार्डावर आईच्या मनाविषयी एक-दोन प्रश्न वाढवावे, उत्तर चिंताजनक आले तर तिला कोणाकडे पाठवावे हे ठरवून द्यावे, आणि हे काम नुसते सांगण्यावर न सोडता त्याचा मोबदला द्यावा. पाठविण्याची जागा निश्चित नसेल तर प्रश्न विचारणे ही क्रूर थट्टा होईल. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला माणसे आणि औषधे पुरविणे हे आधी आले. घरात असे कोणी असेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. तो श्रोत्यांनी टिपून ठेवावा.

सरफोजीराजांच्या छत्राचे मी गुणगान केले, तरी त्याची मर्यादा मला दिसत नाही असे नाही. ते दान होते, हक्क नव्हता. राजाचे मन कोमल होते आणि त्याच्या हाती गावांचे उत्पन्न होते, तोवर ते चालले. राज्य गेले, छत्रांचा कारभार पुढे स्थानिक बोर्डाकडे आणि जिल्ह्याच्या प्रशासनाकडे आला, आणि बाळंतिणीचे तीन महिने कागदावरूनही पुसले गेले. दात्याबरोबर दान जाते. हक्काचे तसे नाही. तो मागता येतो. आपण दानाकडून हक्काकडे आलो ही प्रगती आहे. पण येताना त्या जुन्या कलमातला एक शब्द वाटेत सांडला. तो शब्द 'हळुवारपणे' हा होय. कायद्याच्या कलमात तो लिहिता येत नाही, असे माझे विधिज्ञ मित्र म्हणतात. राजांनी मात्र तो एका सरकारी पत्रव्यवहारात, उत्पन्नाच्या आणि खर्चाच्या हिशेबात, निःसंकोच लिहिला होता.

ओरत्तनाडुहून परतताना संध्याकाळ झाली होती. लावणीच्या बायका कालव्यावर हातपाय धूत होत्या. एकीचे तान्हे मूल झाडाखाली झोळीत होते आणि एक म्हातारी झोळीला झोका देत होती. मूल हसले, तशी म्हातारी त्याच्याशी काहीबाही बोलू लागली. ती भाषा मला कळत नव्हती. मग तिने मान वळवून त्या तरुण आईला काहीतरी विचारले. आई थांबली, थोडा वेळ बोलली नाही, आणि मग म्हातारीजवळ बसून बराच वेळ बोलत राहिली. म्हातारीने काय विचारले ते मला ठाऊक नाही. पण माझ्या चौकशीच्या नमुन्यात जो प्रश्न नव्हता, तो तोच असावा असे मला वाटले.